उसाचं पाणी धरलंत का?

आज ‘लीड’बद्दल. रॉकफेलर फाउंडेशननं १९९१ साली सुरू केलेला हा उपक्रम पर्यावरण आणि विकासाच्या कामात मुरलेल्या, नोकरीच्या मध्यावर असलेल्या लोकांसाठी. वेगवेगळ्या पेशांची माणसं एकत्र बसवायची, ही त्यातली गंमत.

मी पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर. अशाच एका प्रशिक्षणात मी नळयोजनेचं गणित मांडलं. गटातल्या कृषी अधिकारी मॅडम म्हणाल्या, “साहेब, विहिरीशेजारच्या उसाला जाणारं पाणी धरलंत का?”

नव्हतं धरलं. बारा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. ऑफिसात सगळे माझ्यासारखेच!

व्याख्यानं विसरलो. पण आराखड्यावर सही करण्याआधी आजही मॅडमना फोन लावतो. तुमच्याकडे आहे का हो असा एखादा नंबर?