सिकलसेल : उपचार पेशीच्या आत पोहोचवायचा कसा?



सिकलसेल म्हणजे काय, हे भंडारा जिल्ह्यात फारसं समजावून सांगावं लागत नाही. ‘पोरगी एसएस निघाली’, ‘जावयाचा पॅटर्न एएस आहे’ ही वाक्यं लाखांदूरपासून तुमसरपर्यंत सोयरीक जुळवतानाही कानी पडतात. एसएस म्हणजे आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलेला, एएस म्हणजे एकाकडूनच. सहा महिन्यांपर्यंत हसतंखेळतं असलेलं बाळ एकाएकी हातापायांना सूज येऊन रडायला लागतं, आणि ऐन रोवणीच्या दिवसांत घरातला कर्ता मुलगा हाडं फुटल्यासारख्या वेदनेनं अंथरूण धरतो. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, ते साल होतं १९५८. म्हणजे आपल्या भागातल्या या आजाराची जगाला ओळख होऊन साठाहून जास्त वर्षं झाली.

हल्ली एक नवा प्रश्न विचारला जातो. जनुक बदलून सिकलसेल बरा होतो असं मोबाईलवर येतं, मग आमच्या लेकराचा का होत नाही? हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

आजाराचं मूळ फार लहान आहे. आपल्या अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणारं जनुक असतं. त्यातलं एक अक्षर बदललेलं असतं, म्हणून त्या प्रथिनातल्या सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बाकी सारं जसंच्या तसं. पण या एका फरकामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि लाल पेशी वाकून विळ्यासारखी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. हा बदल जंगल-तलावांच्या मुलखात टिकला, कारण एएस असलेल्या माणसाला घातक हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. यात कोणत्याही जातीजमातीचा दोष नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या आजारावरून मुलींची लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत.

चूक कुठे आहे ते कळलं, तर ती दुरुस्त का करता येऊ नये? इथेच खरी अडचण सुरू होते. लाल पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे तिच्यात दुरुस्त करण्यासारखं जनुकच उरलेलं नसतं. दुरुस्ती करायची ती हाडांच्या आतल्या मज्जेत, जिथे रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी बसलेल्या असतात. त्या पेशी थोड्या आणि दडलेल्या. शिवाय पेशी बाहेरचं जनुक सहजासहजी आत घेत नाही. तिच्याभोवती मेदाचं दुपदरी आवरण असतं. डीएनएवर ऋण भार असतो, त्याला ते आवरण ओलांडता येत नाही. कसाबसा आत शिरलाच, तर पेशीतली विकरं त्याचे तुकडे करतात, आणि पुढे केंद्रकाचं आवरण असतंच. ही व्यवस्था कोट्यवधी वर्षं विषाणूंशी झुंजत तयार झाली आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी पहिली मदत घेतली ती विषाणूंचीच.

हा मार्ग तुमच्या ओळखीचा आहे. २०२१ मध्ये गावोगाव जी कोविशील्ड लस टोचली गेली, तिच्यात चिंपांझींमध्ये आढळणाऱ्या एका अ‍ॅडिनोविषाणूचा वापर होता. त्याची वाढ होऊ नये म्हणून त्याचं एक आवश्यक जनुक काढून टाकलं होतं आणि कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचं जनुक त्यात बसवलं होतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या त्या अर्ध्या मिलिलिटरच्या डोसमध्ये असे सुमारे पाच हजार कोटी विषाणूकण होते. ते दंडाच्या पेशींत शिरले, जनुक पोहोचवलं, पेशींनी काही दिवस ते प्रथिन बनवलं आणि काम संपलं. लसीला एवढं पुरतं. सिकलसेलला पुरत नाही, कारण मूळ पेशी जन्मभर विभागत राहते आणि बाहेरून तात्पुरतं आलेलं जनुक त्या विभागणीत विरून जातं.

मग जनुक गुणसूत्रातच कायमचं रोवून देणारे विषाणू वापरले गेले. विषाणूंच्या या वाटेवर माणसांचे जीव गेले आहेत, ते विसरून पुढे जाता येत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेलसिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा अ‍ॅडिनोविषाणूच्या मोठ्या डोसनंतर चार दिवसांत दगावला. त्यानंतर फ्रान्समध्ये प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारावर उपचार घेतलेल्या काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला, कारण विषाणूनं जनुक नेमकं चुकीच्या जागी बसवलं होतं. आज वापरतात तो एचआयव्हीच्याच कुळातला, पण आजार पसरवण्याची ताकद काढून घेतलेला लेंटिविषाणू. तो अधिक सुरक्षित आहे. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेली ‘नेक्सकार१९’ ही रक्ताच्या कर्करोगावरची उपचारपद्धती याच विषाणूवर उभी आहे. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, आणि परदेशात ज्याला कोट्यवधी रुपये लागतात तो उपचार साधारण दहाव्या हिश्श्यात मिळू लागला. वाहक विषाणू देशात तयार करता आला, हे त्यामागचं एक मोठं कारण.

दुसरी वाट विजेची. पेशी दोन पट्ट्यांमध्ये ठेवून क्षणाच्या छोट्याशा अंशापुरता विजेचा झटका दिला की आवरणाला सूक्ष्म छिद्रं पडतात. हवं ते आत जातं आणि छिद्रं पुन्हा मिटतात. अमेरिकेनं ८ डिसेंबर २०२३ रोजी मंजूर केलेली ‘कॅसजेवी’ ही सिकलसेलवरची, क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या कात्रीवर आधारलेली उपचारपद्धती हेच करते. गंमत म्हणजे ती बिघडलेल्या अक्षराला हातही लावत नाही. जन्मल्यावर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारा एक घटक असतो, त्याचा जोर ती रक्तपेशींत कमी करते. बाळ पहिले काही महिने ज्या हिमोग्लोबिनमुळे ठणठणीत असतं, तेच पुन्हा बनायला लागतं. मंजुरीच्या वेळी ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता, त्यातल्या २९ जणांना सलग वर्षभर तरी तीव्र वेदनेचा झटका आला नाही.

पण उपचाराचा क्रम ऐका. धान पिकवणाऱ्यांना तो लगेच उमगेल, कारण तो सगळा रोवणीचा खटाटोप आहे. मूळ पेशी रक्तातून गोळा करायच्या, प्रयोगशाळेत नेऊन त्यांत बदल करायचा, म्हणजे पऱ्हे वेगळे तयार करायचे. मग ते लावायला बांधी मोकळी हवी, म्हणून ब्युसल्फान हे कर्करोगावरचं जालीम औषध देऊन रुग्णाची जुनी मज्जा रिकामी करायची. त्यानंतर बदललेल्या पेशी शिरेतून सोडायच्या आणि त्या रुजेपर्यंत रुग्णाला जंतूविरहित खोलीत आठवडेच्या आठवडे ठेवायचं. ब्युसल्फानमुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. आणि मंजुरीच्या वेळी किंमत होती २२ लाख डॉलर, तेव्हाच्या भावानं अठरा कोटी रुपयांहून जास्त.

क्रिस्परची कात्री किती अचूक कापते यावर जगभर लिहिलं जातं. भंडाऱ्याच्या दृष्टीनं मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कात्री मज्जेपर्यंत नेण्याचा मार्ग, कारण खर्च, धोका, आणि हा उपचार कोणत्या गावात मिळू शकेल हे सारं त्या मार्गावरच ठरतं. रोवणीऐवजी आवत्यासारखं थेट शरीरातच पेरता आलं, तर चित्र पालटेल.

त्या दिशेनं पावलं पडली आहेत. २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका तान्ह्या बाळाला यकृताच्या दुर्मीळ आजारासाठी जनुक दुरुस्त करणारा आरएनए अतिसूक्ष्म मेदकणांत गुंडाळून सलाइनसारखा शिरेतून दिला गेला, आणि त्याची प्रकृती सुधारली. मेदकण यकृतात आपोआप जातात. मज्जेत नेण्यासाठी २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या शास्त्रज्ञांनी त्या कणांवर मूळ पेशींना ओळखणारी प्रतिपिंडं बसवली आणि उंदरांच्या मज्जेतल्या पेशींपर्यंत ते पोहोचवून दाखवले. माणसात हे सिद्ध व्हायचं आहे. मेदकणांच्या मदतीनं आरएनए पेशीत पोहोचवण्याचं कसब मात्र आपल्या राज्यात आहे. पुण्याच्या जेनोवा कंपनीची जेमकोव्हॅक-ओएम ही कोरोनावरची लस २०२३ मध्ये आली. तिची सुकवलेली पूड २ ते ८ अंशांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसींच्या साध्या फ्रिजमध्ये टिकते. सिकलसेलवरचा थेट टोचायचा उपचार कधी तयार झाला, तर त्यालाही असंच टिकावं लागेल.

दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेनं सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार विकसित केला आहे. बिरसा मुंडांच्या नावानं ‘बिरसा १०१’ म्हणून तो नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला आणि त्याचं तंत्रज्ञान सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. त्यामुळे किंमत उतरण्याची आशा धरायला जागा आहे. आज मात्र हा उपचार कोणत्याही दवाखान्यात विकत मिळत नाही. ‘जनुक बदलून देतो’ असं म्हणून कोणी पैसे मागितले, तर कृपा करून शेत गहाण टाकू नका. आधी जिल्हा रुग्णालयात विचारा.

तोवर आपल्या हातात जे आहे तेही थोडं नाही. हायड्रॉक्सियुरिया ही साधी गोळी गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवते, म्हणजे कॅसजेवी जे करते त्याच दिशेनं, थोड्या प्रमाणात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतली तर वेदनेचे झटके कमी होतात. आईवडील दोघंही एएस असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी तपासणी हवी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं उद्दिष्ट ठरलं होतं.

या तपासणीचं आणखी एक मोल आहे. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा मुळातच जास्त असतं, तरीही विदर्भात काहींना आजार फार तीव्र होतो. परदेशातल्या चाचण्यांत बहुतेक रुग्ण आफ्रिकी वंशाचे होते. तिथे मिळालेला गुण इथे तेवढाच मिळेल का, हे इथल्या रुग्णांवरच कळेल. चंद्रपूरला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र डिसेंबर २०२२ पासून आहे. देशी उपचारांच्या चाचण्या पुढे सरकतील तेव्हा पवनी, लाखनी, साकोलीचे रुग्ण त्यांत असले पाहिजेत, असा आग्रह आपल्या लोकप्रतिनिधींनी आणि डॉक्टरांनी आतापासून धरावा. त्यासाठी कोणाचा पॅटर्न काय, त्रास किती, गोळी कधीपासून, याची नोंद तयार हवी. ज्यांची अजून तपासणी झालेली नाही, त्यांनी ती जवळच्या सरकारी दवाखान्यात करून घ्यावी, आणि मिळालेलं कार्ड जपून ठेवावं.