काचेवरचा समुद्र



सिनेमा येण्याच्या कितीतरी आधी पडद्यावर जहाजं डोलत होती, विजा चमकत होत्या, बंदरांवर रात्र उतरत होती. ही सगळी करामत मॅजिक लँटर्नची. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ च्या सुमारास हे यंत्र तयार केलं. आत दिवा, पुढे भिंगं आणि मधे उलटी धरलेली रंगीत काच. एवढ्यावर समोरच्या भिंतीवर मोठं, सुलटं चित्र उमटायचं. पुढच्या दोन-अडीच शतकांत या काचांवर देव आले, भुतं आली, शहरं आली. मला मात्र सगळ्यांत ओढ वाटते ती जहाजांच्या काचांची. समुद्र स्थिर चित्रात पुरता मावत नाही, हे त्या घडवणाऱ्यांनी ओळखलं होतं.

एकोणिसाव्या शतकातली एक इंग्रजी स्लाइड डोळ्यांसमोर आणा. लाकडी चौकट सात इंच लांब, चार इंच रुंद. मधे एकीवर एक बसवलेल्या दोन गोल काचा. एक पक्की, तिच्यावर आकाश आणि पाणी. दुसरी पितळेच्या कड्यात फिरती, तिच्यावर फक्त जहाज. जहाजाभोवतीची काच कोरी, पारदर्शक. कड्याला जोडलेली दांडी चौकटीबाहेर येते. ती हळूच वर-खाली केली की जहाज नाळेवर झुकतं, पुन्हा उठतं, पुन्हा झुकतं. दांडी किती वेगाने हलवायची हे खेळ दाखवणाऱ्याच्या हातात. म्हणजे वारा त्याच्याच बोटांतून वाहायचा. दुसऱ्या एका प्रकारात लांब काचपट्टी सरकवत न्यायची आणि देखाव्यासमोरून एकामागून एक गलबतं जायची.

आता लाटेवरचा फेस बघा. या काचांवर पारदर्शक रंगच लागतो. जाड रंग लावला की उजेड अडतो आणि पडद्यावर काळा डाग दिसतो. त्यामुळे एरवी चित्रकाराच्या हाताशी असणारा पांढरा रंग इथे कामाचा नाही. मग फेस दाखवायचा कसा? आधी प्रशियन ब्लूसारखा निळा रंग भरायचा, आणि मग सुईच्या टोकाने तो खरवडून काढायचा. जिथे रंग उरला नाही तिथून दिव्याचा उजेड थेट पडद्यावर जातो आणि लाटेचा माथा पांढराशुभ्र उसळतो. हे काम तीन इंचांच्या काचेवर चालायचं, आणि पडद्यावर ती काच दहा फुटांची झाली तर प्रत्येक रेघ चाळीसपट वाढायची. ब्रशचा सुटलेला एक केस तिथे डोलकाठीएवढा दिसेल. एवढ्या अचूक हातांनी रंगवलेल्या बहुतेक काचांवर चित्रकाराचं नाव नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढची पायरी लंडनची. रीजंट स्ट्रीटवरच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनमध्ये, १८३८ मध्ये ती उघडल्यानंतर, लँटर्नचे भव्य खेळ होऊ लागले. हेन्री लँग्डन चाइल्ड यांच्या नावाशी जोडलेलं तंत्र असं, की दोन लँटर्न एकाच जागी रोखायचे आणि एकाचा उजेड कमी करत दुसऱ्याचा वाढवायचा. शांत समुद्रावरचं जहाज बघता बघता वादळात सापडायचं. पुढे एकावर एक तीन भिंगांचे लँटर्न आले, तेव्हा तिसऱ्यातून वीज, चंद्र किंवा जहाजाला लागलेली आग दाखवता येऊ लागली. उजेड चुन्याचा: ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीने चुन्याचा तुकडा तापवला की तो डोळे दिपवेल असा उजळतो. त्याच १८३८ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ‘फोर्फारशायर’ ही आगबोट फुटली. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी ग्रेस डार्लिंग वडिलांबरोबर होडी वल्हवत वाचलेल्यांना आणायला गेली. ही गोष्ट पुढे लँटर्नच्या पडद्यावर पुन्हापुन्हा सांगितली गेली.

आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हलत्या चित्रांचे खेळ केले. विषय पौराणिक, पण रंगवलेली काच हाताने हलवून चित्र जिवंत करायची विद्या तीच.

फोटोग्राफी आल्यावरही लँटर्न संपला नाही. संशोधक शॅकल्टनच्या अंटार्क्टिका मोहिमेतलं ‘एन्ड्युरन्स’ जहाज १९१५ मध्ये बर्फात चिरडलं गेलं. फोटोग्राफर फ्रँक हर्ली कपडे काढून जहाजात साचलेल्या बर्फाळ पाण्यात उतरला आणि काचेच्या निगेटिव्हचे डबे त्याने बाहेर काढले. पण पुढचा प्रवास बर्फावरून, ओझं कमी करणं भाग. त्याने आणि शॅकल्टनने बसून एकेक काच निवडली. सव्वाशेच्या आसपास ठेवल्या, चारशेच्या आसपास हर्लीने तिथेच फोडून टाकल्या, मोह होऊन परत उचलू नये म्हणून. उरलेल्या निगेटिव्हवरून लँटर्नच्या स्लाइड झाल्या. १९१९-२० च्या हिवाळ्यात लंडनच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये शॅकल्टन दिवसातून दोनदा पडद्याशेजारी उभा राहून आपलंच जहाज बुडताना दाखवत होता. श्रोतेहो, त्या माणसाला ते किती जड गेलं असेल!

आज या काचा जगभरच्या संग्रहालयांत आहेत, जुन्या बाजारातही मिळतात. अनेक ठिकाणी त्या स्कॅन करून ठेवतात. त्याने चित्र वाचतं, पण दांडीची स्लाइड स्कॅन केली की जहाज कायमचं एका बाजूला कललेलं राहतं. हलत्या स्लाइडचं निदान हलतं चित्रण तरी करून ठेवायलाच हवं, असं मला कळकळीने वाटतं.

आणि कुणाच्या घरी माळ्यावर अशी पेटी सापडलीच, तर काच ओल्या फडक्याने पुसू नका. रंग पाण्याचा असेल तर समुद्र फडक्यावर येईल. काचा आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, कडेला धरून उचला. दांडी अडकली असेल तर जोर लावू नका; आतली काच कडेला निखळलेली असू शकते, ती जाणकाराकडून बसवून घ्या. प्रखर बल्बपुढे फार वेळ धरू नका, उष्णतेने रंगाचे पोपडे सुटतात.