चंची आणि मोठेपण



आज व्यसनावर चार शब्द बोलायचे आहेत. घाबरू नका. मी कोणाची चंची काढून घ्यायला आलेलो नाही.

आमच्या लहानपणी मोठा माणूस कसा ओळखायचा? ज्याच्या कमरेला चंची, तो मोठा. पारावर बसावं, तळहातावर तंबाखू घ्यावी, चुना लावून मळावी, बार भरावा आणि मग चार माणसांत बोलावं. आम्ही पोरं टक लावून बघायचो. घरचेच पोराच्या हाती पैसे देऊन सांगत, "जा रे, बिडीचा बंडल आण." पुढे मी मुख्याध्यापक झालो, तेव्हा सातवीतल्या पोरांच्या दप्तरात पुड्या सापडत. पोरगं वाईट नसे हो. त्याला बापासारखं मोठं व्हायचं असे, एवढंच.

बायकांचे तरी काय वेगळे? तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि तिची मिश्री दातांना लावायची. दात घासायला म्हणून सुरुवात होते. मग दुपारी लागते, संध्याकाळी लागते. पुरुषाच्या दारूवर सारे गाव बोलते. मिश्रीला मात्र कोणी व्यसन म्हणत नाही. मला हे फार खटकते. तोंडाचा कॅन्सर बाई-पुरुष बघत नाही.

काही जण म्हणतात, "गुरुजी, हे बापजाद्यांपासून चालत आलंय." तसे नाही. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीज लोकांनी आणली. त्याला चारशे वर्षे झाली. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी इथे तंबाखू नव्हतीच!

मग तलफ का येते? तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. ते रक्तातून मेंदूत जाते. घटकाभर बरे वाटते. अंमल उतरला की चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. पुन्हा बार भरला की बरे वाटते. माणूस म्हणतो, "तंबाखूनं डोकं चालतं." अहो, ते अडवलं कोणी? तिनेच ना?

गाडगे महाराज तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. लहानपणीचे नाव देबूजी. वडील दारूपायी अकाली गेले. आई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. देबूजी मामाच्या घरी गुरे राखत, शेतात राबत वाढला. पुढे लग्न झाले, मुलगी झाली. बारशाला दारू आणि मटण द्यायची रीत होती. देबूजीने गोड जेवण घातले. भाऊबंद नाराज झाले. पण ज्या रीतीने बाप गिळला, ती पोरीच्या पाळण्यापाशी नको, हे त्याला कळले होते. मी तर म्हणेन, देबूजी मोठा झाला तो त्या दिवशी.

आता सोडायचे कसे? तलफ आली की ती काही मिनिटे जोर करते, मग ओसरते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चघळा, चार पावले चाला. पहिले काही दिवस फार जड जातात. झोप लागत नाही, राग येतो. घरच्यांनी तेवढे सोसावे. टोमणे मारू नयेत.

दारूचे मात्र वेगळे आहे, नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भलतेसलते दिसू लागते. जीवही जाऊ शकतो. घरात कोंडून दारू सोडवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. व्यसन हा आजार आहे, असे डॉक्टरच सांगतात. आजाऱ्याला आपण शिव्या देतो का? पुण्यात मुक्तांगण नावाचे केंद्र १९८६ सालापासून चालू आहे. तिथे माणसाला दाखल करून घेतात, त्याच्याशी बोलतात, घरच्यांशीही बोलतात.

तंबाखू सोडायची असेल, तर सरकारचा फुकट फोन आहे : १८००-११२-३५६. आकडे तुम्हाला आता वाचता येतात. घरच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.