निगेटिव्हच्या कोऱ्या कडेवर

(आष्टी येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



अल्बम आपण जपतो. निगेटिव्ह मात्र पत्र्याच्या पेटीत, जुन्या लग्नपत्रिकांखाली पडून राहतात आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत उकिरड्यावर जातात. मी आज त्यांची बाजू मांडायला आलो आहे. छापील फोटोवरून कॅमेरा ओळखणं अवघड, कारण छापताना स्टुडिओवाला चित्राच्या कडा कापतो. निगेटिव्हवर त्या शाबूत असतात, आणि कॅमेऱ्याची खूण त्या कडेवरच असते.

छायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलिफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक हे कॅमेरे वापरायच्या, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या नामवंत होत्या. आपल्या चुलत्यानं कोणता कॅमेरा वापरला, हे कोण लिहून ठेवणार?

पहिल्यांदा फिल्मची रुंदी मोजा. दोन्ही कडांना भोकं असलेली ३५ मिलिमीटरची पट्टी सगळ्यांच्या ओळखीची. तिची डबी १९३४ साली आली. भोकं नसलेली, सहा सेंटिमीटरांहून किंचित रुंद पट्टी बहुधा १२० नंबरची. ती १९०१ पासून आजतागायत मिळते. तिच्यावर ६ बाय ९ ची आठ चित्रं बसतात, ६ बाय ६ ची बारा. आता एक गंमत बघा. चार सेंटिमीटरांचा चौकोन अरुंद, १२७ नंबरच्या फिल्मवर असेल तर कॅमेरा वेगळा. तोच चौकोन रुंद १२० वर, दोन्ही बाजूंना भरपूर कोरी जागा सोडून बसला असेल, तर आग्फा आयसोलीचा विचार आधी करावा. कडेवरची अक्षरंही वाचा. ‘इंदू’ असं असेल तर ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. तिथलं उत्पादन १९६७ साली सुरू झालं, म्हणजे फोटो त्याआधीचा असूच शकत नाही.

एवढ्यावरून कॅमेऱ्याचं आडनाव कळतं, नाव कळत नाही. नावासाठी मी तुम्हाला आपल्याच तालुक्यातल्या एका घरात नेतो.

त्या घरात एका पाकिटात ६ बाय ६ च्या निगेटिव्ह मिळाल्या. सगळे फोटो आजोबांनी त्यांच्या क्लिक थ्रीवर काढले, असं घरचे सांगत. आग्फाचा क्लिक थ्री म्हणजे बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला कॅमेरा. कित्येक मध्यमवर्गीय घरांतला तो पहिलाच. निगेटिव्ह खिडकीशी धरल्यावर लगेच दिसलं की कॅमेरे दोन आहेत. काही चित्रं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काटेकोर स्पष्ट होती. बाकीची मध्ये बरी, कडेला मऊ.

मग मी क्षितिज पाहिलं. आपलं माळरान इथं फार उपयोगी पडतं. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिजाची रेघ जिथं छेदते, तेवढ्याच उंचीवर कॅमेऱ्याचं भिंग असतं. स्पष्ट चित्रांत ती रेघ मोठ्या माणसांच्या कमरेच्या थोडी वर होती. म्हणजे कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघणारा, दोन भिंगांचा. स्टुडिओवाले वापरत तसला. ती लग्नाची चित्रं होती, तेव्हा फोटोग्राफर बाहेरून बोलावलेला असणार.

क्लिक थ्री डोळ्याला लावतात. आजोबा चांगले उंच, त्यामुळे मऊ चित्रांत रेघ माणसांच्या डोळ्यांशी यायला हवी होती. ती छातीशी होती. एखाद्या वेळी माणूस गुडघा टेकतो, पण सलग सात चित्रांत नाही.

माळ्यावरून तो क्लिक थ्री काढला. पाठ उघडली. फिल्म ज्या चौकटीवर टेकते तिच्या उजव्या कडेला प्लास्टिकचा तिळाएवढा काटा होता. निगेटिव्हची चकचकीत बाजू माझ्याकडे, चित्र उलटं, डोकी खाली, अशी धरली. उघड्या कॅमेऱ्यात फिल्म आपल्याला अशीच दिसते. उजव्या कडेला, त्याच उंचीवर, चित्रात घुसलेला तिळाएवढा पारदर्शक ठिपका. सातही चित्रांत. काट्यानं तेवढा उजेड अडवला होता. लग्नाच्या एकाही चित्रात तो नव्हता.

कॅमेरा ठरला. आता डोळा कुणाचा? ती सात चित्रं १९७२ च्या दुष्काळातली. मी विचारलं, तेव्हा घरात ठेंगणं कोण होतं? सगळ्यांनी आत्यांकडे, आजोबांच्या लेकीकडे पाहिलं. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, “आबांनी रीळ भरून दिलं होतं. बाराच आहेत, जपून काढ म्हणाले.” पन्नास वर्षं ते फोटो आजोबांच्या नावावर होते. आत्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

हे सगळं ठरलं ते पट्टीच्या कोऱ्या कडा कुणी कापल्या नव्हत्या म्हणून. तेव्हा माझं मागणं एवढंच. निगेटिव्ह फेकू नका, कात्री लावू नका, कडेला धरूनच उचला. जुना कॅमेरा बंद पडला म्हणून भंगारात देऊ नका. त्याची चौकट पुरावा आहे. आणि निगेटिव्ह नगरला स्कॅनिंगला द्याल तेव्हा दुकानदाराला स्पष्ट सांगा, की चित्राबाहेरची कोरी कडसुद्धा आली पाहिजे.