झिजलेल्या चाकाचें अंतरंग

बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवीत असे, तेव्हां तो ती आधीं लाल होईपर्यंत तापवी. तापल्यानें धाव पसरे आणि निवतांना आवळून लांकडाला घट्ट धरी. मात्र त्या आवळण्यांत ती स्वतःहि ताणली जाई. धानाच्या गोंदिया जिल्ह्याला परिचित असलेल्या या दृष्टान्तानें आगगाडीच्या चाकाचें एक गूढ उलगडतें.

मुंबई-हावडा मार्गावरील मालगाडीच्या नेहमींच्या वाघिणीचें नवें चाक १००० मिलिमीटर व्यासाचें असतें. झिजून ९०६ मिलिमीटर झालें कीं तें बाद ठरतें. भरलेल्या वाघिणीच्या एका चाकावर सुमारें ११ टन भार येतो, आणि रुळाशीं त्याचा स्पर्श अंगठ्याच्या नखाएवढ्याच जागेंत होतो. अशा दाबाखालीं लाखों फेरे घेतांना पोलादांत सूक्ष्म भेगा पडूं शकतात. म्हणून चाक घडवितांनाच एक योजना केलेली असते. तापलेल्या चाकाच्या कडेची जाड पाळ पाण्यानें बाहेरून झटकन् निवविली जाते. मागाहून निवणारा आंतला भाग तिला आंत ओढतो, आणि पाळ कायमची दाबाखालीं राहते. दाबलेल्या पोलादांत भेग सहसा उघडत नाहीं.

हें कवच वापरांत ढळूं शकतें. गोंदियाच्या पूर्वेस दरेकसाच्या डोंगराळ भागांत लांब उतारावर ब्रेक धरून ठेवावा लागतो. ब्रेकचा ठोकळा चाकावर घासून पाळ तापते व पसरूं पाहते. मधली थंड तबकडी तिला अडविते. तापून मऊ झालेलें पोलाद तेथेंच दबून आखडतें, आणि निवल्यावर बैलगाडीच्या धावेप्रमाणें ताणलें जातें. पूर्वींच्या दाबाच्या जागीं ताण येतो. मिटलेली भेग उघडूं लागते. झिजलेली पाळ पातळ असल्यानें तितक्याच घर्षणानें अधिक तापते. जुन्या चाकाला धोका अधिक, तो यामुळें. ज्या डब्यांत ब्रेक आंसावरील स्वतंत्र तबकडीवर लागतो, त्यांच्या चाकांची या तापापासून सुटका होते.

३ जून १९९८ रोजीं जर्मनींत एशेडे गांवाजवळ अतिवेगवान गाडीला अपघात होऊन १०१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. तेथें कारण उष्णतेचें नव्हतें. रबराच्या थरावर बसविलेली पोलादी धाव झिजून चाकाचा व्यास ९२० वरून ८६२ मिलिमीटरवर आला होता. पातळ झालेली धाव प्रत्येक फेऱ्यासरशीं अधिक लवत होती, आणि भेग तिच्या आंतल्या बाजूस वाढली. झिजेची ठरलेली मर्यादा ८५४ मिलिमीटर होती. म्हणजे मापानें तें चाक निर्दोष होतें.

मापपट्टी झीज दाखविते, आंतला ताण दाखवीत नाहीं. पूर्वीं परीक्षक हातोडीनें चाक वाजवून नादावरून दोष ओळखीत. आतां श्राव्यातीत ध्वनिलहरी पोलादाच्या पोटांतील भेग शोधतात. तेव्हां तपासणीसाठीं एखादा डबा स्थानकावर काढून ठेवल्यामुळें घटकाभर खोळंबा झाला, तर सुज्ञ प्रवाशानें तो वेळ वायां गेला असें मानूं नये.