हृदयाचे आरोग्य आणि आपला दस्तरखान
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर खाण्यापिण्याच्या गोष्टी कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. घरातील कमावता माणूस पन्नाशीत हृदयविकाराने अंथरुणाला खिळला, तर पहिला घाव मुलांच्या शिक्षणावर बसतो. थोरला मुलगा कॉलेज सोडून नोकरी शोधू लागतो, आणि मुलीचे नाव तर त्याच्याही आधी शाळेतून काढले जाते. म्हणून हा विषय या व्यासपीठाचाच आहे असे मी समजतो.

केरळमध्ये जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. सुमारे १५,००० रुग्ण आणि जवळजवळ तितकीच निरोगी माणसे तीत तपासली गेली. त्याच पाहणीवरून २००७ साली असे दाखविण्यात आले, की भारत आणि शेजारच्या देशांतील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर प्रदेशांत तो सुमारे ५९ व्या वर्षी. सहा वर्षांचा फरक! वडील ५३ वर्षांचे असतात तेव्हा बहुधा घरात कोणी दहावीला, कोणी बारावीला असते. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर ही कारणे तीत ठळक दिसलीच. पण रोज भाजी आणि फळे खाणाऱ्यांना धोका कमी, हेही दिसले.

आता आपल्या कोकणातल्या घराकडे येऊ. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात काय होते? नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, वालाची उसळ, पावसाळ्यात टाकळा, परसातला शेवगा, लाल माठ, आणि बाजारात स्वस्त मिळणारी तारली. १९७० नंतर आपली माणसे आखातात गेली, घरी पैसा आला, पक्की घरे झाली, मुले शिकली. ही मोठी बरकत आहे, तिच्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणा होईल. पण त्याच पैशाबरोबर एक गैरसमज घरात शिरला. नाचणी आणि कुळीथ म्हणजे गरिबीची खूण, आणि रोजचे मटण, मैद्याची खारी, तळलेले पदार्थ म्हणजे इज्जत! पाहुणा आला तर त्याच्यापुढे पिठी-भात ठेवायची आपल्याला लाज वाटते. खरे म्हणजे ज्या जिनसांची आपल्याला लाज वाटते, त्यांतल्या बऱ्याचशा हृदयाच्या कामाच्या आहेत.

कशा ते सांगतो. कुळीथ, चवळी, वाल, मसूर यांत एक प्रकारचा चोथा असतो, तो पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो. आतड्यातील पित्ताला तो धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल लागते. ते यकृत रक्तातून ओढून घेते. कोलेस्टेरॉल म्हणजे तोच मेणासारखा पदार्थ, जो हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थर धरून बसतो. साध्या उसळीकडून इतके काम होते. मात्र तिच्यावर तेलाचा तवंग तरंगत असेल तर मी काय बोलू!

मासळीचे तर आपण बादशहा. तारली आणि बांगडा यांच्या अंगच्या तेलात हृदयाला हितकर स्निग्धांश पापलेटपेक्षा जास्त असतात, पण दावतीत मान पापलेटला आणि सुरमईला. आठवड्यातून दोन वेळा मटणाच्या जागी बांगड्याचे कालवण करा. "जागी" हा शब्द लक्षात ठेवा. मटण खाऊन वर बांगडा नव्हे. आणि हल्ली माशाच्या तेलाच्या ज्या गोळ्या विकतात त्यांच्यामागे धावू नका. मोठ्या चाचण्यांत सर्वसाधारण माणसाला त्यांचा म्हणावा तसा उपयोग दिसलेला नाही. सुकट आणि सुके बोंबील यांत मीठ फार असते, म्हणून ते भिजवून, पाणी फेकून मगच शिजवावेत. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे-पापड त्याच हिशेबात धरायचे.

नारळाविषयी बोललो की भगिनी रागावतात, पण खोबरेल तेलातील ८० टक्क्यांहून अधिक चरबी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढविणारी आहे. कालवणात नारळ घालू नका असे मी म्हणत नाही. रोजच्या फोडणीला शेंगदाणा किंवा मोहरीचे तेल बेताने वापरा, आणि एकदा तळणाला वापरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. रमजानमध्ये इफ्तारला खजूर, फळे, भिजवलेले चणे पुष्कळ झाले. भजी-समोसे रोज तीस दिवस हवेतच असे नाही.

विद्यार्थी मित्रहो, मधल्या सुट्टीत वडापावऐवजी मूठभर बिनमिठाचे शेंगदाणे आणि एक केळे घ्या. खर्च जवळजवळ तोच.

एक इशारा देणे मात्र माझे कर्तव्य आहे. भाकरी-पिठी सुरू केली म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नका. विडी, सिगारेट, मिशरी चालू ठेवून कोणतीही भाजी तुम्हाला वाचवणार नाही. आपले आजोबा नुसती नाचणी खात नव्हते, डोंगर चढत होते. आपण नाक्यापर्यंतसुद्धा रिक्षाने जातो. आणि छातीत दाबल्यासारखे होऊन दरदरून घाम आला, तर "गॅस असेल" म्हणून सोडा पीत बसू नका, ताबडतोब इस्पितळ गाठा.

जेवणाची वेळ झाली आहे आणि बिर्याणीचा वास इथपर्यंत येतो आहे. मीही खाणार आहे, पण थोडीच. कांदा-काकडीची ताटे आधी फिरवा, अशी विनंती मी वाढणाऱ्या मुलांना सकाळीच करून ठेवली आहे.