टायर हळूहळू बसतोय? नुसती हवा भरून भागत नाही

आज कोडबद्दल काही नाही, आज टायरबद्दल बोलू.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घर जुन्नर तालुक्यात. गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीचा मागचा डावा टायर हळूहळू बसायचा. मी दर शनिवारी घरी आलो की पंपावर जाऊन हवा भरायचो. बाबा म्हणायचे, "चालतंय ना, मग कशाला उगाच खर्च?" मलाही पटायचं. सर्व्हर रोज सकाळी रिस्टार्ट करायचा आणि सगळं नीट आहे म्हणायचं, तसलाच प्रकार.

मग एका शनिवारी मी आलोच नाही. पुढच्या आठवड्यात रात्री साडेनऊला नारायणगावहून घरी जाताना गाडीची मागची बाजू डोलायला लागली. उतरून बघतो तर टायर पार बसलेला. दोन्ही बाजूंना ऊस. आपल्या भागात याचा अर्थ सांगायला नको, माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र उगाच नाही. अंधारात उसाच्या कडेला वाकून बसू नका, असं सगळे सांगतात. पण स्टेपनी बदलायला बसावंच लागतं ना! मी म्हटलं, "बाबा, मी बसतो." ते म्हणाले, "तुला येतं का?" बीटेक झालोय, पण येत नव्हतं. बाबा जॅक लावत बसले आणि मी टॉर्च उसावर धरून मोठमोठ्यानं बोलत उभा राहिलो. काही झालं नाही. पण घरी आल्यावर झोप लागली नाही.

सकाळी पंक्चरवाल्याकडे गेलो. टायरमध्ये खिळा निघाला, त्यानं स्ट्रिप टाकली, विषय संपला. असं मला वाटलं. पण या वेळी मी आकडे लिहून ठेवले. रोज सकाळी, गाडी हलवायच्या आधी, थंड टायरची हवा मोजायची. चारही टायर ३३ पीएसआयवर होते. पाच दिवसांनी तीन टायर ३२ वर आणि हा २८ वर. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण २ पीएसआय कमी होतात, पण ते चारही टायरांत सारखेच. एकटाच टायर मागे पडत असेल तर गळती आहे.

मग शाम्पूचं पाणी घेतलं. आधी व्हॉल्व्हवर टाकलं. बुडबुडे नाहीत. स्ट्रिपच्या जागी टाकलं. नाहीत. गाडी थोडी पुढे घेऊन जमिनीला टेकलेला भागही पाहिला. शेवटी टायर आणि रिम जिथे भिडतात त्या कडेवर टाकलं आणि दोन मिनिटं थांबलो. बारीक फेस यायला लागला. सापडला!

शेतातल्या रस्त्याचा चिखल आणि लोखंडी रिमवरचा गंज यामुळे तिथे टायर नीट बसत नव्हता. पंक्चरवाल्यानं टायर उतरवला, रिम तारेच्या ब्रशनं घासली, कडेला सीलंट लावून टायर परत चढवला. टायर आतूनही तपासून घेतला. कारण कमी हवेवर गाडी पळवली की टायरची बाजू सारखी दबते, तापते आणि आतून खराब होते. असा टायर हायवेवर फुटू शकतो. बाजूलाच भोक असेल तर पंक्चर काढत बसू नका, टायर बदला. आणि खिळा दिसला तर घरी उपटू नका, दुकानात गेल्यावरच काढा.

माझी चूक खिळ्यापाशी झाली. एक कारण सापडलं आणि मी शोधणं थांबवलं. दोन गळत्या होत्या. टायर दुरुस्त झाला की नाही, हे आठवड्यानंतरच्या आकड्यावरून कळतं. आमचा आता चौघांच्या बरोबरीनं ३२ वर आहे.

आणि हो, या रविवारी अंगणात, दिवसाउजेडी, बाबांनी मला स्टेपनी बदलायला शिकवली. तुम्हाला येत नसेल तर तुम्हीही शिकून घ्या. भेटू पुढच्या भागात!